९९ की १००? पंपाच्या कंपनाचा माग काढताना

कपलिंगची अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं, नव्याने करूनही पंपाच्या मोटरचं कंपन उतरत नव्हतं. यंत्र तसं साधंच होतं: २९७० आरपीएमच्या आसपास फिरणारी दोन पोलची मोटर, फ्लेक्झिबल कपलिंग आणि सहा व्हेनचा (पात्यांचा) इंपेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, असलेला सेंट्रिफ्यूगल पंप. मोटरच्या बेअरिंगवर आडव्या दिशेत ५ मिमी प्रति सेकंदाच्या वर आकडा येत होता. आयएसओ २०८१६-३ (पूर्वीचं १०८१६-३) या मानकाप्रमाणे भक्कम पायावरच्या मध्यम आकाराच्या यंत्राला ४.५ ही शेवटची हद्द, त्यापुढचं कंपन यंत्राचं नुकसान करणारं मानतात. पण या आकड्यावरून कंपन किती आहे तेवढंच कळतं, ते कुठून येतंय हे कळत नाही. ते शोधायला डेटा कलेक्टर आणि विश्लेषणाचं सॉफ्टवेअर घेऊन कामाला लागलो.

सेन्सर लावण्याआधी मी कागद-पेन घेतलं. या यंत्रात कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी निर्माण होऊ शकतात, त्यांची यादी केली. २९७० ला ६० नं भागलं की ४९.५ हर्ट्झ, हा शाफ्टचा वेग, म्हणजे १एक्स. रोटर अनबॅलन्स, म्हणजे फिरत्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असेल, तर स्पेक्ट्रमवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन, या आलेखावर) शिखर इथे दिसणार. कपलिंग एका रेषेत नसेल तर बहुधा दुप्पटीवर, ९९ हर्ट्झला. सहा व्हेनमुळे ४९.५ गुणिले ६, म्हणजे २९७. बेअरिंगमध्ये आठ बॉल होते. ढोबळ हिशोबानं बाहेरच्या रेसचा (बॉल ज्यावर फिरतात त्या कड्याचा) दोष वेगाच्या सुमारे ३.२ पट आणि आतल्या रेसचा ४.८ पट फ्रिक्वेन्सीवर येतो. या पटी पूर्णांकात येत नाहीत, म्हणून बेअरिंग चटकन ओळखू येतं. शेवटची नोंद विजेची. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर स्टेटरची (मोटरच्या स्थिर भागाची) चुंबकीय ओढ सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, म्हणून तिथे १०० हर्ट्झ लिहिलं.

यादीत ९९ आणि १०० एकाखाली एक आले आणि तिथेच मी थबकलो. अख्ख्या प्रकरणाची गाठ तिथेच होती.

मोजणीबद्दल थोडक्यात सांगतो. चुंबकी पायाचा सेन्सर रंगावर नीट बसत नाही, म्हणून बेअरिंग हाउसिंगवर छोटी जागा घासून स्वच्छ केली. आडवी, उभी आणि शाफ्टच्या दिशेची, अशी तिन्ही मापं दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर घेतली. वेग टॅकोमीटरनं प्रत्यक्ष मोजला. नेमप्लेटवरचा वेग पूर्ण लोडचा असतो, त्या क्षणाचा नव्हे.

पहिला स्पेक्ट्रम सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या सेटिंगवर काढला: १००० हर्ट्झपर्यंत, ४०० लाइन्स, म्हणजे तेवढ्या पट्ट्यांत विभागलेला. १०० च्या आसपास एक जाड, उंच शिखर दिसलं. ४९.५ ला लहानसं, २९७ ला त्याहून लहान, आणि बेअरिंगच्या जागा जवळजवळ रिकाम्या. सॉफ्टवेअरच्या आपोआप निदानानं लगेच ‘मिसअलाइनमेंट’ असं लेबल लावलं. पण १००० ला ४०० नं भागलं तर एका लाइनची रुंदी २.५ हर्ट्झ येते. एवढ्या जाड पट्टीवर ९९ आणि १०० वेगळे दिसणं शक्यच नाही. मग ते लेबल कशाच्या आधारावर होतं? केवळ शक्यतेच्या.

म्हणून कमाल फ्रिक्वेन्सी ५०० वर आणली आणि लाइन्स ३२०० केल्या. आता एका लाइनची रुंदी साधारण ०.१६ हर्ट्झ झाली. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण एका नमुन्याला ६.४ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ लोड स्थिर राहावा लागतो. नवा स्पेक्ट्रम पडद्यावर आला आणि जाड शिखराची दोन शिखरं झाली. ९९ चं बुटकं, १०० चं त्याच्या कितीतरी वर. मोटरजवळ उभं राहिलं की आवाज दर सेकंदाला चढायचा आणि उतरायचा, तंबोऱ्याच्या न जुळलेल्या दोन तारांसारखा. तो एका हर्ट्झचा फरकच ऐकू येत होता.

तरीही खात्रीसाठी दोन गोष्टी केल्या. पंपाच्या परवानगीच्या प्रवाहातच राहून डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा आवळला. लोड कमी झाला, स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर जेवढा मागे पडतो तो फरक) घटली, वेग किंचित वाढला. बुटकं शिखर उजवीकडे सरकलं, उंच शिखर जागचं हललं नाही. यांत्रिक कंपन वेगाबरोबर सरकतं, पुरवठ्याचं सरकत नाही. मला ही चाचणी फार आवडते, कारण काहीही न उघडता उत्तर मिळतं. मग रेकॉर्डिंग चालू ठेवून वीज बंद केली. इथे बारीक स्पेक्ट्रम उपयोगाचा नाही, तेवढ्या सेकंदांत पंप थांबत येतो. इथे पाहायचा तो कच्चा टाइम वेव्हफॉर्म, म्हणजे वेळेनुसार कंपनाचा आलेख. वीज तुटताच कंपन एकदम खाली कोसळलं, आणि उरलेलं वेगाबरोबर हळूहळू विरलं.

विजेचं आहे म्हणजे वाइंडिंग बिघडलं, असं लगेच धरू नये. रोटर आणि स्टेटरमधली हवेची फट सगळीकडे सारखी नसली तरी १०० हर्ट्झ वाढतं, आणि फट बिघडायला मोटरचा पाय बेसप्लेटवर नीट न टेकणंही पुरतं. बोल्ट आवळला की बॉडी पिळवटते आणि तिच्याबरोबर स्टेटरही. वीजपुरवठा पूर्ण तोडून, लॉक लावून, एकेका पायावर डायल गेज ठेवून बोल्ट सैल केले. तीन पाय जवळपास स्थिर राहिले. चौथा मात्र उचलला गेला, ०.०५ मिमीच्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षा बराच जास्त. फिलर गेजनं फट चारही कोपऱ्यांत तपासली, कारण ती तिरकी असेल तर सपाट शिमनं (पायाखाली घालायच्या पातळ पत्र्यानं) काम भागत नाही. इथे ती समांतर निघाली. तेवढ्या जाडीची स्टेनलेस स्टीलची शिम घातली आणि सगळे बोल्ट ठरल्या टॉर्कनं आवळले. अलाइनमेंट त्यानंतरच पुन्हा केली. क्रम महत्त्वाचा आहे: पाय सुधारल्यावर शाफ्टची जागा बदलते, त्यामुळे आधीची अलाइनमेंट तशीही वाया जाते. लागोपाठ अलाइनमेंट करूनही ती टिकत नसेल, तर आधी पाय तपासा.

पुन्हा चालू केल्यावर त्याच जागी, त्याच सेटिंगवर, त्याच लोडवर मोजलं. १०० चं शिखर खूप खाली आलं, ९९ चं जेमतेम उरलं आणि एकूण आकडा २ च्या खाली गेला. २९७ चं शिखर जसंच्या तसं राहिलं. ते पंपाचं नैसर्गिक लक्षण आहे, त्याला दोष म्हणायचं कारण नाही. हा स्पेक्ट्रम बेसलाइन म्हणून साठवला आणि ९८.५ ते १००.५ हर्ट्झच्या पट्ट्यासाठी वेगळा अलार्म लावला, ३२०० लाइन्सच्या सेटिंगसकट.