खुनी आधीच ओळखलात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, बहुतेक वेळा ओळखते. टीव्हीवरच्या क्राइम मालिकेत सीरियल किलरवरचा, म्हणजे एकामागून एक खून करत राहणाऱ्यावरचा एपिसोड असेल तर पंधरा-वीस मिनिटांत नाव सांगून मोकळी होते. पण त्यात माझी हुशारी औषधालाही नाही.

ओळखीपाळखीचे लोक मला क्राइम मालिकांतली जाणकार समजतात. एखादा गाजलेला एपिसोड येऊन गेला की फोनवर पहिला प्रश्न हाच. दुसरा, ‘मग कसा वाटला?’ त्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, कारण विचारणाऱ्याचं स्वतःचं मत तयार असतं. अशी मतं मी इतकी ऐकली आहेत की आता एपिसोड बघतानाच कोण काय म्हणणार ते कळतं.

आधी ओळखण्याची युक्ती सांगून टाकते. सुरुवातीला पोलीस कुणाकुणाची चौकशी करतात ना, त्यात एक माणूस असतो. ग्रंथपाल, कुरिअरवाला, प्राण्यांचा डॉक्टर, काहीही. दोन मिनिटांचा प्रसंग, तीन वाक्यं, वर ‘काही मदत लागली तर सांगा’ असं नम्रपणे म्हणतो. आणि तो नट चांगला नावाजलेला असतो. तीन वाक्यांसाठी एवढ्या मोठ्या नटाला कोण पैसे मोजेल? झालं, खुनी सापडला.

म्हणूनच ‘मी तर आधीच ओळखला होता, एपिसोड फुसका’ हे मत मला पटत नाही. नेहमीच्या खुनात मारणारा आणि मरणारा यांच्यात काहीतरी लागेबांधे असतात: इस्टेट, मत्सर, जुनं वैर. त्यामुळे पाच-सहा संशयित समोर बसवता येतात आणि कोडं घालता येतं. सीरियल किलर मात्र पुष्कळदा अनोळखी माणसं हेरतो, आणि त्यामुळेच वर्षानुवर्षं हाती लागत नाही. आता लेखकाने करायचं काय? खरोखरचा अनोळखी माणूस शेवटी आणला तर तुम्ही म्हणणार, ‘हा कुठून उपटला?’ आधी दाखवून ठेवला तर म्हणणार, ‘ओळखला.’ पाऊण तासात ही कोंडी फुटत नाही. ज्यांनी फोडली त्यांनी कोडं घालायचंच सोडलं. १९७१मध्ये सुरू झालेल्या ‘कोलंबो’ मालिकेत (तिथले खून सीरियल किलरचे नसत, तरी) खून कोणी केला ते सहसा पहिल्याच प्रसंगात दिसायचं. उरायचं फक्त एवढंच, की तो चुरगळलेल्या कोटातला पोलीस अधिकारी त्याला पकडतो कसा. त्या मालिकेबद्दल ‘आधीच ओळखला’ म्हणायची सोयच नव्हती.

दुसरं हमखास मत: ‘शेवट पटला नाही, योगायोगाने पकडला.’ इथे मात्र मी हटूनच बसते.

इंग्लंडमधल्या पीटर सटक्लिफचं प्रकरण घ्या. १९७५ ते १९८० या काळात त्याने तेरा स्त्रियांना मारलं. पोलिसांनी त्याची चौकशी एकदा-दोनदा नव्हे, नऊ वेळा केली होती. प्रत्येक वेळी सोडला. १९७९मध्ये पोलिसांना एक ध्वनिफीत आली, ‘मीच तो’ म्हणणारी. बोलणाऱ्याची ढब संडरलंडकडची. तपासाच्या वरिष्ठांचा तिच्यावर इतका विश्वास बसला की ज्याची बोली तशी नाही तो संशयितांतून आपोआप गळायला लागला. सटक्लिफ ब्रॅडफर्डचा, त्याची बोली वेगळी. फीत पाठवणारा निव्वळ थापाड्या होता, आणि तो सापडला २००५मध्ये, जुन्या पाकिटावरच्या डीएनएमुळे.

आणि खुनी कसा सापडला? जानेवारी १९८१मध्ये शेफील्डला गस्तीवरच्या पोलिसांनी एक उभी गाडी हटकली. नंबरप्लेट खोटी निघाली. सटक्लिफने ‘लघवीला जाऊन येतो’ म्हणून आडोसा गाठला आणि तेलाच्या टाकीमागे हातोडी आणि सुरी टाकून आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या रात्री पकडणाऱ्या सार्जंटला कळलं की त्या माणसाची अजून चौकशी चालू आहे. त्याला तो लघवीचा बहाणा आठवला, तो परत त्या जागी गेला, बॅटरी मारून बघितलं, तर हत्यारं तिथेच पडलेली. हे जसंच्या तसं दाखवा आणि मग फोनवर ऐका: ‘लेखकाला शेवट सुचलाच नाही वाटतं. आणि पोलीस इतके बावळट असतात का?’

डेनिस रेडरची गोष्ट तर कुठल्याही पटकथेतून कापलीच जाईल. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करून हा गप्प बसला. २००४मध्ये त्याने पोलिसांना पुन्हा पत्रं पाठवायला सुरुवात केली आणि एका पत्रात चक्क पोलिसांनाच विचारलं, की फ्लॉपी पाठवली तर तिच्यावरून माग लागेल का? खरं सांगा म्हणाला, उत्तर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून द्या. पोलिसांनी जाहिरात दिली: काही हरकत नाही. त्याने फ्लॉपी पाठवली. तिच्यावरच्या पुसलेल्या फाइलमध्ये चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ ही अक्षरं निघाली. फेब्रुवारी २००५मध्ये अटक झाली तेव्हा त्याला वाईट कशाचं वाटलं, तर पोलीस आपल्याशी खोटं बोलले याचं! ‘माइंडहंटर’ या एफबीआयच्या तपासावरच्या मालिकेत हाच माणूस भागांच्या सुरुवातीला तुकड्या-तुकड्याने दिसत राहतो, आणि दोन सीझन संपले तरी पकडला जात नाही. ‘त्या धाग्याचं पुढे काय झालं?’ म्हणून माझ्यावरही डाफरलेले लोक आहेत. मालिकेचा काळ १९८०च्या आसपास थांबतो. २००५ कुठून आणायचं?

उलट जे खरोखर पटू नये ते लोक सुखाने गिळतात. प्रेताकडे दहा सेकंद बघून एखादा तज्ज्ञ सांगतो: पस्तिशीतला पुरुष, एकटा राहणारा, आईशी संबंध बिघडलेले, निळी गाडी. वा, काय डोकं आहे! एफबीआयच्या लोकांनी तुरुंगातल्या छत्तीस गुन्हेगारांच्या मुलाखतींवरून गुन्ह्यावरून गुन्हेगाराचं वर्णन बांधण्याच्या या शास्त्राचा पाया घातला हे खरं. पण छत्तीस माणसांवरून गाडीचा रंग सांगता येत नाही. आणि एफबीआयच्याच म्हणण्याप्रमाणे अमेरिकेत वर्षभरात होणाऱ्या खुनांत सीरियल किलरचे खून एक टक्क्याहूनही कमी असतात. टीव्हीवर मात्र दर आठवड्याला एक.

रक्त जास्त की कमी, वेग कमी की जास्त, या वादात मी पडत नाही. ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

मला खरं खटकतं ते कौतुक. ‘खुनी काय जबरदस्त होता!’ नट चांगला असतोच, आणि दिग्दर्शकाने त्याला तळघर, संगीत, लांबलचक स्वगत असं सगळं दिलेलं असतं. मरणाऱ्या बाईला काय मिळतं? नावांची पाटी यायच्या आधीची दीड मिनिटं. रिकामं पार्किंग, टाचांचा आवाज, किल्ल्यांचा जुडगा खाली पडतो, ती वाकते, मागे सावली. संवाद असलाच तर ‘कोण आहे?’ एवढा. पुढच्या प्रसंगात ती फळ्यावरचा फोटो झालेली असते. मी फोनवर उलट विचारते, दुसऱ्या बाईचं नाव काय होतं? कुणालाच सांगता येत नाही, आणि चूक बघणाऱ्याची नसते. नाव एकदाच, घाईत उच्चारलेलं असतं.

यावर ‘मग काय रडणारी आई दाखवायची का?’ असं मला ऐकवलं जातं. नाही. ती फ्रेममधल्या फोटोसमोर रडणारी आई मलाही नको. ‘प्राइम सस्पेक्ट’ या ब्रिटिश मालिकेचा १९९१चा पहिला भाग बघा. पोलीस अधिकारी जेन टेनिसनकडे तपास येतो तेव्हा आधीच्या अधिकाऱ्याने मृत बाईची ओळखच चुकीची पटवलेली असते. ती डेला नसून कॅरिन आहे हे टेनिसन शोधते आणि तिथून तपासाला वेगळंच वळण लागतं. संशयित कोण हे फारसं लपवलेलं नाही, तरी कुणी उठून जात नाही.

जेफ्री डामर या अमेरिकेतल्या सीरियल किलरवरच्या २०२२मधल्या मालिकेबद्दल माझं मत अजून दोन्हीकडे ओढलं जातं. एका मृताच्या बहिणीने १९९२मध्ये कोर्टात फोडलेला टाहो त्यांनी कपड्यांसकट हुबेहूब उभा केला, आणि तिने नंतर सांगितलं की मला कुणी साधं विचारलंही नाही. ‘कोर्टातलं तर सगळं जाहीर असतं’ असं मला एकाने सुनावलं. कायद्याने असेल. पण विचारायला काय जात होतं? मात्र त्याच मालिकेत एक बाई आहे, पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन करणारी, आणि कुणी दाद देत नाही म्हणून गप्प न बसणारी. १९९१मध्ये डामरच्या तावडीतून निसटलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी त्याच्याच हवाली केलं, तेव्हा खरोखर तिने फोन केले होते. खरी बाई शेजारच्या इमारतीत राहायची. मालिकेने तिला भिंतीला भिंत लावून आणलं आणि तिला एक अख्खा भाग दिला. हा बदल ‘खोटा’ म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटले. मला तो चालतो.