तुम्ही विचारलेत म्हणून: न किडलेला दात का काढायचा?

तारा लावण्यासाठी चार धडधाकट दात काढून टाकणे तुम्हाला पटते तरी कसे, हा प्रश्न मला मुलांचे आईवडील विचारतात, इतर शाखांचे डॉक्टर विचारतात आणि मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी डॉक्टर, आहे एवढे कळल्यावर नुकतीच ओळख झालेली माणसेही विचारतात. विचारण्याच्या सुरात पुष्कळदा असे गृहीत असते की यात डॉक्टरची सोय किंवा कमाई असणार. दरवेळी मी जे घाईघाईचे उत्तर देते त्याने माझेच समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मुळात हा जागेचा हिशेब आहे. समजा, खालच्या जबड्यात 6 मिलिमीटर दाटी आहे, म्हणजे दात ओळीत बसायला तेवढी जागा कमी पडते. खालच्या दातांची ओळ बाजूने पाहिली तर मध्ये खोलगट असते. ती सपाट करायला आणखी सुमारे 2 मिलिमीटर लागतात. दात पुढे आलेले असल्याने ओठ सहज मिटत नसतील आणि पटाशीचे दात अडीच मिलिमीटर मागे न्यायचे असतील, तर उजवी-डावी बाजू धरून त्याला 5 मिलिमीटर हवेत. बेरीज 13 होते. सुळ्यामागची पहिली उपदाढ सुमारे 7 मिलिमीटर रुंद असते, दोन्ही बाजूंच्या मिळून 14, म्हणजे त्या काढल्या की हिशेब जमतो. उपदाढाच का, याचेही उत्तर इथेच आहे: ती दाटीच्या अगदी जवळ असते आणि तिच्यामागची दुसरी उपदाढ चावण्याचे काम बऱ्यापैकी सांभाळून घेते.

इतर मार्ग आहेत आणि मी ते वापरते. दातांच्या कडा किंचित घासून पुढच्या सहा दातांमध्ये दोन-अडीच मिलिमीटर मिळतात. वाढत्या वयात टाळूचा मधला सांधा जुळलेला नसल्याने वरचा जबडा रुंद करता येतो. खालच्या जबड्यात मात्र असा सांधा नाही आणि तिथे सुळ्यांमधले अंतर वाढवले तर ते बहुधा पुन्हा मूळ मापावर येते. मिनी-स्क्रूच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात तात्पुरत्या बसवलेल्या बारीक स्क्रूच्या, आधाराने दाढा मागे सरकवता येतात, पण मागे हाड असेल तेवढ्याच. एवढे करूनही हिशेब जमला नाही तर दात पुढे ढकलले जातात, आणि पुढे पातळ हाड असते. सगळे दात राखल्याच्या समाधानात असलेल्या काही रुग्णांच्या खालच्या पटाशीच्या दातांवरची हिरडी उतरून मुळे उघडी पडलेली मी पाहिली आहेत. ‘काहीच काढू नका’ असा आग्रह धरणाऱ्यांनी तेही पाहावे, असे मला मनापासून वाटते.

तरीही आमच्या शास्त्राने या प्रश्नावर एकमुखाने उत्तर दिले आहे, असे मी म्हणणार नाही. 1899 मध्ये दातांच्या चाव्याचे, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात याचे, वर्गीकरण मांडणारे एडवर्ड अँगल यांचा ठाम विश्वास होता की निसर्गाने दिलेले सर्व दात जबड्यात बसवता आलेच पाहिजेत. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांचे पुढे आलेले चेहरे आणि पुन्हा वाकडे होणारे दात पाहवेनात. त्यांनी अशा रुग्णांवर उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि 1940 च्या सुमारास ते निकाल सहकाऱ्यांपुढे ठेवले. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या क्लिनिकमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की दात काढून उपचार करण्याचे प्रमाण 1953 मध्ये 30 टक्के होते, 1968 मध्ये 76 टक्क्यांवर गेले आणि 1993 मध्ये 28 टक्क्यांवर उतरले. चाळीस वर्षांत माणसांचे जबडे बदललेले नव्हते. डॉक्टरांची मते बदलली होती, आणि हे आकडे वाचले की मला आजही अस्वस्थ वाटते.

आता ज्या प्रसंगामुळे हे सारे लिहावेसे वाटले, त्याबद्दल. तेरा वर्षांची असताना जिच्या चार उपदाढा माझ्या सांगण्यावरून काढल्या होत्या, अशी एक मुलगी पंचविशीत माझ्याकडे परत आली. दात ओळीत होते, चावा उत्तम होता, रिटेनर, म्हणजे उपचारांनंतर दात जागेवर धरून ठेवणारे साधन, ती नियमाने लावत होती. तिने आपले जुने-नवे फोटो टेबलावर मांडले आणि शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही माझा चेहरा आत ओढलात.”

मी तिचे जुने लॅटरल सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचे बाजूने घेतलेले एक्स-रे, काढले आणि नवा घेतला. लाइटबॉक्सवर फिल्म ठेवून, वर पारदर्शक कागद चिकटवून, कपाळापासून हनुवटीपर्यंतची कड टोकदार पेन्सिलीने गिरवली. काळ्या, निळ्या आणि लाल रेषेत तीन वयांचे तीन चेहरे. कवटीच्या तळाच्या रेषेवर ते कागद एकमेकांवर ठेवल्यावर सारे स्पष्ट दिसले. उपचारात वरचे पटाशीचे दात 3 मिलिमीटर मागे गेले होते आणि ओठ त्यांच्यामागून सुमारे 2 मिलिमीटर. त्यानंतर दात हललेच नव्हते. नाक आणि हनुवटी मात्र वाढून पुढे आली होती. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत रेषा ओढली तर तेराव्या वर्षी तिचे ओठ त्या रेषेच्या पुढे होते, पंचविशीत बरेच मागे. मी तिला दाखवले की यातला मोठा भाग वाढीचा आहे. उपचारांपूर्वी ओठ मिटताना हनुवटीवर कशा सुरकुत्या पडत, तेही जुन्या फोटोत दाखवले. मी सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता.

तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “दात काढले नसते तर मी आज कशी दिसले असते?” त्या तीन कागदांत याचे उत्तर नव्हते. चौथा चेहरा काढून दाखवणारा एक्स-रे नसतो. मी वाढीबद्दल पुन्हा बोलू लागले तेव्हा तिने मला थांबवले. “तुम्ही आईबाबांना सगळे समजावलेत, त्यांनी सही केली. मी तिथेच खुर्चीत बसले होते. मला कोणी विचारलेच नाही.” ती पुन्हा आली नाही. तिला काही उपचार हवे होते की केवळ एवढेच सांगायचे होते, हे मला अजून कळलेले नाही.

तो निर्णय चुकला असे मी मानत नाही. त्याच मापांवर आजही कदाचित तोच सल्ला देईन. पण तेव्हाची मी हा सल्ला ज्या खात्रीने देत असे, तिच्याशी माझे पटत नाही. दात काढले की ओळ कायम सरळ राहते, असे तेव्हाची मी सांगत असे. वास्तविक अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्येच दाखवले होते की उपदाढा काढून उपचार केलेल्यांतही, रिटेनर थांबवून दहा वर्षे उलटल्यावर, सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे खालचे पटाशीचे दात समाधानकारक राहिले नव्हते. म्हणजे टिकाऊपणाचे कारण पुढे करता येत नाही. उरतात ती ओठ, हिरडी आणि जागेची कारणे. ती माझी तेव्हाची मूर्ती मला उलट विचारते: इतक्या शंका घेऊन बसलीस तर पालकांनी कोणाच्या भरवशावर ठरवायचे? तिचे हे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

तेव्हा मी आज काय करते, तेही सांगते. दाटी 4 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर केवळ दाटीसाठी दात काढायला मी सहसा सांगत नाही. 10 च्या पुढे असेल तर काढण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. खरा पेच मधल्यांचा, आणि ती मुलगी त्यांतलीच होती. अशांशी मी आता पालकांना बाहेर बसवून स्वतंत्रपणे बोलते. तेरा वर्षांच्या मुलाला पंचविशीतल्या चेहऱ्याची कल्पना येत नाही आणि संगणकावरचे अंदाजचित्र ढोबळ असते, हे मान्य करूनही बोलते. काहींच्या बाबतीत दात न काढता तारा बसवून, काही महिन्यांनी पुन्हा सेफॅलोग्राम पाहून ठरवते, कारण राखलेला दात नंतर काढता येतो. मात्र तोवर पटाशीचे दात पुढे झुकतात आणि काढायचे ठरले तर त्यांना तोच रस्ता उलट कापावा लागतो. उपचार लांबतो आणि मुळांची टोके झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्यांची मुळे आधीच आखूड आहेत किंवा हिरडी पातळ आहे, त्यांना हा मार्ग मी सुचवत नाही, आणि त्यांच्या बाबतीत पहिल्याच भेटीनंतर हो किंवा नाही सांगावे लागते.