एक्क्यांची जोडी
आज तान्ह्या पोळ्याच्या दुपारी ओसरीवर चिंचोके लावून होल्डेमचा, म्हणजे हाती दोन पाने आणि मध्ये सर्वांची सामाईक उघडी पाने अशा पोकरचा, डाव बसला. आमच्याकडे हाती काहीही आले तरी कोणी पाने टाकत नाही. एक्क्यांची जोडी येताच गडी कमी व्हावेत म्हणून मी मोठी चाल केली, कारण एका गड्यासमोर ही जोडी शंभरात सुमारे 85 वेळा जिंकते, चौघांसमोर मात्र जेमतेम 56 वेळा. अशा डावात ती लपवून ठेवण्याची हौस मला मुळीच पटत नाही. तरीही दोघे आलेच. मधल्या पानांत बदामाचे तिसरे पान उघडले आणि दिवसभर नुसती बरोबरी करणाऱ्या मोठ्या काकांनी चिंचोक्यांची अख्खी ओंजळ पुढे सरकवली. माझ्याकडे बदाम नव्हता, म्हणून मी एक्के टाकले. काकांनी बदामाची सत्ती-चौकी दाखवली: मधल्या तिन्हींसह पाच बदाम, म्हणजे जोडीवर मात.