काळी-पिवळी गेली आणि आमच्या पद्मिनीचे वांधे झाले

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावायची ती जुनी गाडी, ठेवणाऱ्या माणसाला पूर्वी एक निवांतपणा होता. गाडी सायनला बंद पडो नाहीतर महालक्ष्मीला, बॉनेट उघडून नुसतं उभं राहायचं. दोन मिनिटांत कुठलातरी टॅक्सीवाला आपली गाडी बाजूला लावून यायचा, "क्या हुआ, करंट नहीं आ रहा?" म्हणत कॉइलची वायर काढून बघायचा, पॉइंटवर (स्पार्कसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं) पॉलिश पेपरचा तुकडा फिरवायचा आणि गाडी चालू. पैसे विचारले तर हात झटकून निघून जायचा. आम्ही हौशी लोक तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचो, जुनी गाडी किती स्वस्तात मेंटेन करतो बघा वगैरे, पण खरं सांगायचं तर आम्ही सगळे टॅक्सीवाल्यांच्या जिवावर मजा मारत होतो.

हे नीट कळलं ते २०२३ नंतर. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे २०२३ चा ऑक्टोबर संपला तशी काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून ऑफिशियली गेली. पेपरात फोटो आले, लोकांनी स्टेटस ठेवले, आम्हीही ठेवले. पण त्या टॅक्सीबरोबर अजून काय काय गेलं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितोय.

आधी आमची गँग सांगतो. भांडुपला एका मित्राचा इंडस्ट्रियल गाळा आहे, पुढे त्याचा धंदा आणि मागे आमच्या गाड्या. माझी ऐंशीच्या दशकातली पद्मिनी, एकाची स्टँडर्ड हेराल्ड, एक डॉक्टर आहे त्याची काँटेसा, आणि काका. काकांकडे सध्या गाडीच नाही, पण गाळ्यातलं सगळ्यात जास्त ज्ञान त्यांच्याकडे आहे, त्यामुळे रविवारी सकाळी ते येऊन स्टुलावर बसल्याशिवाय कोणी पाना हातात घेत नाही. हेराल्डवाल्याचा आम्हाला कायम हेवा वाटतो कारण त्या गाडीचं पुढचं अख्खं तोंडच बॉनेट म्हणून वर उचललं जातं, हा पठ्ठ्या पुढच्या टायरवर बसून चहा पीत पीत काम करतो आणि आम्ही कंबर मोडून वाकलेले. काँटेसाचं दुखणं वेगळं, इंजिन इसुझूचं १.८, दणकट आहे, पण बॉडीच्या काचा, बीडिंग, आतले प्लास्टिकचे तुकडे मिळता मिळत नाहीत. डॉक्टर पेशंटपेक्षा बीडिंगच्या मागे जास्त फिरतो.

पद्मिनी ही तशी मुंबईचीच मुलगी. वालचंद हिराचंद म्हणजे आपले सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला, पुढे फियाटच्या लायसन्सवर गाड्या. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, मग सत्तरच्या दशकात तीच प्रेसिडेंट आणि तीच पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टेअरिंगवर हँड गिअर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. थोडक्यात काय, १९६४ पासून २००० च्या आसपासपर्यंत मूळ सांगाडा तोच राहिला. लोक याला कंपनीचा आळशीपणा म्हणतात आणि ते खरंही आहे, लायसन्स राजमध्ये गिऱ्हाईक रांगेत उभं असताना गाडी सुधारायची गरजच काय होती. पण आमच्यासारख्यांना त्या आळशीपणाचा फायदा झाला. पंचाहत्तरच्या गाडीला नव्वदचा पार्ट बसायचा. आणि वर हजारो टॅक्स्या रोज घासल्या जात होत्या, त्यामुळे क्लच प्लेट म्हणा, किंग पिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) म्हणा, वॉटर पंप म्हणा, सगळं सतत बनत होतं, विकलं जात होतं, दुरुस्त होत होतं. टॅक्सी थांबली म्हणजे ती मागणी थांबली. शे-दोनशे हौशी लोकांसाठी कोण किंग पिनचा डाय, म्हणजे साचा, चालू ठेवणार?

आता काय होतं बघा. ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे जायचं, म्हातारा शेठ चष्म्यावरून बघतो, "पद्मिनी? अरे अब कौन मांगता है" आणि पोऱ्याला पोटमाळ्यावर चढवतो. नशीब असेल तर जुन्या स्टॉकचा डबा निघतो, तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेला पार्ट, त्याचा वास आला की आमच्या हेराल्डवाल्याचे डोळे चमकतात. नशीब नसेल तर डुप्लिकेट. लोखंडाच्या डुप्लिकेटला मी एवढं घाबरत नाही, फार तर लेथवर सारखा करून घेऊ. रबराचं मात्र बेकार असतं. नवीन म्हणून घेतलेला बूश दिसायला काळाकुळकुळीत आणि पावसाळा संपेपर्यंत त्याला भेगा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात पूर्वी अख्ख्या पद्मिनी कापलेल्या दिसायच्या, आता शोधावं लागतं. बेअरिंग, ऑइल सील, नट-बोल्ट यांचं टेन्शन नसतं कारण ते साइजवर मिळतं, जुना घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलं की काम होतं. नवीन पोरांना एकच सल्ला, सील आणि बेअरिंगचा नंबर वाचायला शिका. गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार नाही म्हणतो, नंबर सांगितला की तोच माणूस ड्रॉवर उघडतो.

पार्टपेक्षा मोठा लॉस माणसांचा झाला. टॅक्सीचे मिस्त्री होते ते गावी गेले, कोणी वारले, कोणाच्या पोराने एसीचं काम धरलं. आम्ही ज्यांच्याकडे जातो ते उस्ताद वडाळ्याचे, आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात की टपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) तिसऱ्या सिलिंडरचा वाजतोय, दुसऱ्याचा नाही. आणि तो तिसऱ्याचाच असतो. मागे त्यांनी मला पॉइंट सेट करायला बसवलं होतं. तशी मोबाईलवर बघून मला पद्धत माहीत होती, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आणायचा, मग फिलर गेजचं पान मधे घालून गॅप बघायचा, अर्धा मिलिमीटरपेक्षा जरा कमी. उस्तादांनी गेज हातात घेऊच दिलं नाही. आधी पॉइंटची तोंडं बघ म्हणाले. एका बाजूला बारीक टेकाड तयार झालं होतं आणि समोर तेवढाच खड्डा. असं असेल तर गेज त्या टेकाडावर टेकतं, तुला वाटतं गॅप बरोबर आहे आणि प्रत्यक्षात कडेला जास्त असतो. आधी कानस मारून तोंडं सपाट कर, मग गेज घाल, मग स्क्रू आवळ, आणि आवळल्यावर परत एकदा घालून बघ कारण आवळताना प्लेट सरकते. पान ओढताना किंचित घसटल्यासारखं लागलं पाहिजे, अडकता कामा नये. आणि पॉइंट सारखे जळत असतील तर आधी कंडेन्सर बदल, पॉइंट बदलत बसू नको. हे "आवळल्यावर परत बघ" मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नव्हतं.

आता सगळ्यात ताजी डोकेदुखी, पेट्रोल. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि या गाड्या बनल्या तेव्हा असलं काही पोटात जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात माझी गाडी घाटकोपरच्या पुलावर झटके द्यायला लागली, गाळ्यात आणून पेट्रोलचा पंप उघडला तर त्यातला डायफ्राम, म्हणजे पडदा, फुगून चिकट झालेला, आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप हाताने दाबला तर बोटांना काळं लागलं. जुनं रबर इथेनॉलने सुजतं आणि सुटतं, ते कण जातात कार्ब्युरेटरमध्ये, शिवाय टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ पण इथेनॉल धुऊन काढतं आणि तोही जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकाच्या तोटीत. डॉक्टर तार घेऊन जेट साफ करायला निघाला होता, काका ओरडले, "अहो डॉक्टर, पेशंट मारताय का!" पितळी जेटमध्ये तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पिते, हवा मारूनच साफ करायचं.

आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत हवेत पाण्याशिवाय असतं काय? जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली की टाकीत पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजते. आम्ही सगळे पाइप व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणारं रबर) टाकले, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावला म्हणजे कचरा डोळ्यांना दिसतो, आणि जी गाडी महिनाभर फिरणार नाही तिची टाकी रिकामी करतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं म्हणून इंजिन जास्त तापतं, त्याला मेन जेट एक साइज मोठा टाकून बघितलाय, माझ्या गाडीला मानवला. ट्रॅफिकमध्ये तापायचा आजार तर या गाडीला जुनाच आहे, पंखा इंजिनच्या बेल्टवर, गाडी रेंगाळली की पंखाही रेंगाळतो, मे महिन्यात पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी ठप्प. त्यावर ओलं फडकं पंपावर टाकणे हा टॅक्सीवाल्यांचा उपाय, अजूनही त्याच्याएवढं चालणारं काही सापडलेलं नाही.

गंजाबद्दल लिहायला बसलो तर पोस्ट संपणार नाही. एवढंच सांगतो, प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम साचतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती पावसाळ्याआधी काडी घालून मोकळी करा. आणि गाडी विकत घेताना वरचा चकचकीत पेंट बघू नका, मॅट उचला आणि फ्लोअरवर अंगठा दाबा. पत्र्याचा आवाज आला पाहिजे, भोकं बुजवायला भरलेल्या लांबीचा (पुट्टीचा) नाही.

कागदपत्रांचं पण थोडं. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली. नव्याने रजिस्टर होणाऱ्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी वीस हजार. पण अशी गाडी रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. हेराल्डवाला त्या वाटेला गेलाच नाही. त्याचं म्हणणं, मला गाडीतून बायकोला घेऊन दादरला भाजी आणायला जायचंय, हॉर्निमन सर्कलला वर्षातून एकदा मिरवायला नाही. मला पटतं ते. उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरी खातात. चालती गाडी कमी बिघडते, हे आमच्या गाळ्यात सगळ्यांना मान्य असलेलं बहुतेक एकमेव वाक्य.

बाकी सगळ्यावर भांडण. डॉक्टरला माझ्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचंय, पॉइंटची कटकटच नको म्हणतो. काका म्हणतात ते मेलं की रस्त्यात टोचन करून आणावं लागेल, पॉइंट निदान नखाने साफ करता येतो. यात मी काकांच्या बाजूने. पण ब्रेकच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. चारही चाकांना ड्रम, पावसात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात की पहिले दोन-तीन वेळा पाय दाबून ब्रेक सुकवल्याशिवाय गाडी थांबतच नाही, आणि पुढे जो एसयूव्हीवाला असतो त्याला हे माहीत नसतं, तो कचकन थांबतो. त्यामुळे पुढे डिस्क बसवता येईल का ते मी बघतोय. ओरिजिनल वगैरे ठीक आहे, पण गाडी आपण शोकेसमध्ये ठेवलेली नाही.

तर सध्याची बातमी अशी की उस्तादांच्या ओळखीने अँटॉप हिलच्या एका जुन्या टॅक्सीमालकाच्या मुलाचा फोन आला होता. वडिलांनी माळ्यावर जमवून ठेवलेलं सामान काढायचंय, दोन गिअरबॉक्स, हँड गिअरचे लिंकेज, किंग पिनचे सेट, कार्ब्युरेटर, हेडलाइटच्या रिंगा, अजून पोत्यात काय आहे ते त्यालाही माहीत नाही. सुटं विकणार नाही, अख्खा लॉट उचला म्हणतो. हँड गिअरचे लिंकेज ऐकूनच मी हो म्हणून टाकलं, कारण माझ्या गाडीचे बूश इतके झिजलेत की गिअर अडकला की सिग्नलवर उतरून बॉनेट उघडून हाताने सोडवावा लागतो आणि मागचे लोक आईबहिणीवर येतात. वर्गणी जमली. डॉक्टरला त्यातलं काहीच उपयोगाचं नाही तरी त्याने सगळ्यात जास्त दिले, बदल्यात माझ्याकडून काँटेसाच्या बीडिंगसाठी पुण्याला येण्याचं वचन घेतलंय.

प्रॉब्लेम जागेचा आहे. गाळेवाला म्हणतो आता एक स्क्रू जरी आणलात तरी धंदा फुटपाथवर न्यावा लागेल. काका म्हणाले माझ्या घरी दिवाणाखाली बरीच जागा आहे, ठेवा तिकडे. काकूंना अजून कोणी सांगितलेलं नाही. टेम्पो शनिवारी सकाळी ठरलाय.