रोमच्या तळघरातली चिल्लर

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून बाहेर पडलं की दोन-चार मिनिटांवर पलाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय आहे. लोक येतात ते वरच्या मजल्यावरची सम्राट ऑगस्टसच्या बायकोच्या, लिव्हियाच्या, बागेची भित्तिचित्रं बघायला. मी आधी तळघर गाठलं, कारण नाणी तिथे आहेत.

सोन्याच्या नाण्यांपाशी मी फार रेंगाळले नाही. नखाएवढ्या सोन्यावर चित्र काढून काढून किती काढणार? सेस्टर्शियस हे रोमन नाणं मात्र तीन सेंटिमीटरहून रुंद, वजनाला 25 ग्रॅमच्या आसपास. सगळे त्याला कांस्य म्हणतात, पण ऑगस्टसपासून ते चक्क पितळ. नवं असताना पिवळंधमक दिसत असणार, आता काळपट हिरवं.

सम्राट नीरोच्या सेस्टर्शियसवर रोमजवळच्या ऑस्टियाचं बंदर आहे. धक्क्याच्या कुशीत जहाजंच जहाजं आणि खाली हातात सुकाणू घेऊन पहुडलेला देव. बंदर बांधायला घेतलं आधीच्या सम्राटाने, क्लॉडियसने, मिरवलं नीरोने. कोनशिलेवर आपलं नाव घालायची हौस जुनीच! आपल्या सातवाहनांचं शिशाचं नाणं आठवलं, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं.

खरी थबकले ती सम्राट व्हेस्पेशियनच्या नाण्यापाशी. इ.स. 70 मध्ये रोमन फौजेपुढे जेरुसलेम पडलं आणि पुढच्याच वर्षी हे नाणं निघालं. मधोमध खजुराचं झाड, बुंध्याशी गुडघे जवळ घेऊन, डोक्याला हात लावून बसलेली बाई. अक्षरं: ‘युडेया काप्ता’, म्हणजे यहुदिया, ज्यूंचा प्रदेश, काबीज. त्याच काळातल्या पोम्पेईत एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेला सापडलाय: एका ॲसला (हे छोटं नाणं) साधी वाइन, दोनला जरा बरी, चारला फालर्नियन. चार ॲस म्हणजे एक सेस्टर्शियस. म्हणजे ती रडणारी बाई गल्ल्यात टाकली की उंची वाइनचा पेला समोर.

संध्याकाळी चालत फोरमकडे गेले. व्हेस्पेशियनच्या मुलाच्या, टायटसच्या, कमानीत आतल्या बाजूला, जेरुसलेमच्या मंदिरातला सात फांद्यांचा दीप सैनिक खांद्यावरून नेताना कोरलेत. पलीकडचं कोलोसियम त्याच लुटीच्या पैशातून उभं राहिलं, असं मानतात.

जेरुसलेमच्या मंदिराला ज्यू जी वार्षिक वर्गणी देत, ती व्हेस्पेशियनने कर म्हणून रोमच्या ज्युपिटरकडे वळवली. पंचवीस वर्षांनी सम्राट नर्व्हाच्या सेस्टर्शियसवर पुन्हा तेच खजुराचं झाड आलं, या वेळी बाईशिवाय. त्या कराच्या वसुलीतला जाच थांबवल्याची ती जाहिरात होती. कर मात्र सुरूच राहिला.