टेपमध्ये न मावलेली घडी

"एवढं सोसलं, आणि सातच सेंटिमीटर?" सहा महिन्यांच्या फॉलोअपला काकूंनी विचारलं. कंबर १०४ होती, आता ९७.

प्लास्टिक सर्जरी विभागात पेशंटची मापं आणि फोटो घेणं हे माझं काम. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर पन्नास-साठ किलो उतरलेली माणसं आमच्याकडे येतात ती मागे उरलेल्या कातडीसाठी. एकदा अशी ताणली गेलेली कातडी व्यायामानं आत जात नाही. काकूंच्या कमरेभोवती पूर्ण वेढा घेऊन आमच्या सर्जन सरांनी ती काढली. थिएटरमध्ये वजन केलं तर चार किलोंच्या वर भरली.

आकडा चुकीचा नव्हता. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपायचं, दोन्हींच्या मधोमध मार्करनं खूण करायची, पेशंटनं सहज श्वास सोडला की न ताणणारी टेप जमिनीला समांतर धरून वाचायचं. टेप अंगाला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. आमचे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मात्र सर्रास बेंबीवर टेप लावतात. काकूंची बेंबी ऑपरेशनआधी कातडीबरोबर खाली ओघळली होती आणि ऑपरेशनमध्ये नवं छिद्र करून वर बसवली गेली. आधीची बेंबी आणि आताची बेंबी या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यांची मापं एकमेकांशी कशी ताडणार? हाड जागचं हलत नाही. पहिल्या काही आठवड्यांची मापं तर सुजेचीच असतात.

पण हाडावर मोजलं तरी एक गोष्ट निसटते. पोटाची घडी टेपच्या खाली लोंबत असते, ती त्या मापात येतच नाही. म्हणून मी माझ्या तक्त्यात दोन उभी मापं घेते: छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून जांघेमधल्या हाडापर्यंत कातडीवरून अंतर, आणि जांघेच्या रेषेखाली घडी किती उतरते ते. काकूंची घडी १४ सेंटिमीटर उतरत होती. आता शून्य. मी दोन्ही वेळचे बाजूचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले. पावलं ठेवायच्या जागा, कॅमेऱ्याची उंची, प्रकाश, सगळं तेच.

त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग नाडीबद्दल बोलल्या. घडी उचलून तिच्याखाली परकराची नाडी बांधायची, पावसाळ्यात तिथं चिघळायचं, पावडर लावून घराबाहेर पडायचं, लग्नकार्यात मांडी घालून बसायचं टाळायचं. व्रणाजवळ कातडीवर बोटभर रुंदीचा तपकिरी डाग अजून आहे. मी हात लावून पाहिला, जागा कोरडी होती.

विमा कंपनीनं हे ऑपरेशन सौंदर्यासाठीचं ठरवून क्लेम नाकारला. त्यांच्या फॉर्ममध्ये वजन, उंची आणि कंबर एवढेच रकाने. चिघळण्याला रकाना नाही, घडीला नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण मोजायची साधनं नाहीत असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सर्जननी २००५ साली शरीराच्या दहा भागांना शून्य (ठीक) ते तीन (सर्वांत वाईट) अशी श्रेणी देणारी मोजपट्टी छापली. त्यात लोंबणाऱ्या पोटाला दोन मिळतात. बॉडी-क्यू नावाची प्रश्नावली तर थेट पेशंटलाच विचारते की तुला तुझं शरीर कसं वाटतं. आमच्या ओपीडीत दोन्हींना एकच उत्तर मिळतं: वेळ कुठंय?

काकूंच्या फेरविचाराच्या अर्जाला मी माझा तक्ता जोडला. पिट्सबर्गच्या मोजपट्टीवर पोट दोनवरून शून्य, घडी १४ सेंटिमीटरवरून शून्य, दोन्ही फोटो, आणि आधीच्या केसपेपरवर त्वचारोग विभागानं केलेली चिघळण्याची नोंद. सरांनी न बोलता सही केली. कंबरेचा आकडाही मी गाळला नाही, तो खराच आहे. पण तक्त्यात त्याला पहिली ओळ द्यायची की शेवटची, यावर मी अजून अडले आहे. कंपनीचा माणूस पहिली ओळ वाचून थांबेल, अशी भीती वाटते.