रानपिंगळ्याच्या पायाची खोटी चिठ्ठी

"एक घुबड शोधायला शास्त्रज्ञांना ११३ वर्षं लागली? करत काय होते एवढे दिवस?" रानपिंगळ्याचा विषय निघाला की कुणीतरी हे हसत म्हणतंच. मी शहाद्याची, आणि हा पक्षी पुन्हा सापडला तो आमच्याच भागात. त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

१८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात हा पक्षी पहिल्यांदा मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तो मिळवणाऱ्या ब्लेविटचं नाव त्याला दिलं. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने आमच्या भागातून काही पक्षी मिळवले. १८८४ नंतर मात्र काहीच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले फक्त सात नमुने.

आता अडचण बघा. आपला नेहमीचा पिंगळा, गावातल्या वडाच्या ढोलीत राहणारा, तोही एवढाच आणि तोही तपकिरी. फरक आहे तो बारीक. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. त्याची छाती गडद तपकिरी, खाली पोट स्वच्छ पांढरं, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले, नख्या दणकट. शेपटीवरचे पट्टेही ठळक. आणि भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी डावीउजवीकडे झटकत राहतो. हे शेवटचं लक्षण संग्रहालयातल्या भुसा भरलेल्या कातड्यात कुठून दिसणार? पक्ष्यांच्या पुस्तकांतली चित्रंही नेमकी नव्हती. त्यामुळे मधल्या काळात नागपूरकडचे फोटो रानपिंगळ्याचे म्हणून मान्य झाले आणि नंतर नीट तपासल्यावर तो साधा पिंगळा निघाला. फोटो बघणारे अडाणी नव्हते. ताडून बघायला त्यांच्याकडे जे होतं तेच अपुरं होतं.

पण मला खरा राग येतो तो चिठ्ठीचा. संग्रहालयातल्या प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते: कुठे मिळाला, कधी, कुणी मिळवला. रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाच्या नमुन्यावर लिहिलं होतं, गुजरातमधलं तापीकाठचं मांडवी, १९१४. अभ्यासकांनी ते खरं धरलं. पक्षी शोधणारे मांडवीकडे गेले आणि हात हलवत परतले. जिथे तो कधी मिळालाच नव्हता तिथे शोधून काय होणार!

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला. आतला भुसा काढून पुन्हा भरलेला, पण कातडं सोलण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची. म्हणजे डेव्हिडसनचा पक्षी संग्रहालयातून उचलून त्याला नवी चिठ्ठी बांधलेली. हे कळल्यावर मांडवी यादीतून गेलं आणि उरल्या त्या जुन्या, खऱ्या जागा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडच्या जागा बघून मग शहाद्याकडे आले, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाउजेडी, तो समोर बसलेला दिसला. आमच्या भागातल्या आदिवासी पाड्यांवरच्या लोकांनी तो त्याआधी किती वेळा पाहिला असेल! पण त्यांना विचारायचं तर आधी योग्य गावात यायला हवं, आणि चिठ्ठी तर दुसऱ्याच गावाची होती. प्रामाणिक माणसाच्या नजरेची चूक पुढच्या नजरेने दुरुस्त होते. खोट्या नोंदीवर मात्र पुढचे लोक वर्षानुवर्षं भरवसा ठेवत राहतात.

त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेश आणि २०१४ मध्ये तर थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा मिळाला. कसा ओळखायचा हे कळल्यावर लोकांना दिसायला लागला.

आजही मला मोबाइलवर "रानपिंगळा मिळाला" म्हणून फोटो येतात. बहुतेकांत डोक्यावर ठिपके स्पष्ट असतात. पाठवणाऱ्याचा उत्साह खरा असतो, म्हणून प्रत्येकाला मी सविस्तर उत्तर देते. तुम्हालाही दिसला तर डोकं, छाती आणि पोट एकाच फोटोत येईल असं बघा, जमलं तर आवाज रेकॉर्ड करा. ढोलीचा पत्ता जगजाहीर करू नका, घरट्याजवळ गर्दी होते. वहीत मात्र तारीख आणि ठिकाण त्याच दिवशी लिहा, आणि खात्री नसेल तर "पिंगळा, नक्की कोणता ते ठरलं नाही" एवढंच लिहा.